उतारावर डावा

"एवढा घाम गाळून राहिला, अन् जागचा हलत नाही. काय म्हणावं याले बाप्पा!"

सासूबाई हे माझ्या कानाशी पुटपुटल्या. अगदी कानाशी, कारण आयर्लंडमधल्या आमच्या ओंगारच्या घरातली ती पुढची खोली अशी की तिच्यात सासूबाईंची खुर्ची, माझं शिलाई मशीन आणि माझ्या नवऱ्याची, चारुदत्तची, सायकल एवढं मांडल्यावर चौथ्या वस्तूनं आत येताना परवानगी मागावी. सायकल खरी आहे. आमच्या पियूषची जुनी. तिचं मागचं चाक एका लोखंडी घोडीवर चढवलेलं असतं. माणूस पेडल मारतो, चाक गरगरतं, सायकल तिथंच. समोर टीव्हीवर रस्ता पळतो.

"व्यायाम आहे तो, आई," मी हळूच म्हटलं.

"व्यायाम असन तर असो. पण रोज तोच रस्ता? याले दुसरा रस्ता नाही भेटत?"

चारुदत्तच्या कानांवर त्या वेळी हेडफोन होते, म्हणून त्या बोलल्या. नसते तर बोलल्या नसत्या. गेले पंधरा महिने आमच्या घरात खरं काही बोललं गेलं असेल तर ते कोणाच्या तरी कानांवर हेडफोन असतानाच.

रस्ता कुठला ते सांगते. अमेरिकेत टुसॉन नावाचं गाव आहे, त्याच्याबाहेर वाळवंट. त्या वाळवंटात बारा किलोमीटरची सायकलवाट आहे, निघाल्या जागी फिरून परत येणारी. सुरुवातीला एक पाटी, पाटीवर हिरवा गोल. हिरवा गोल म्हणजे नवशिक्यांसाठी. माझा मुलगा पियूष दोन हजार वीसच्या जानेवारीत एका सेमिस्टरसाठी तिकडे गेला. फेब्रुवारीत त्यानं भाड्याची सायकल घेऊन ही वाट केली, हेल्मेटवर कॅमेरा लावून अख्खी चित्रित केली आणि पाठवली. बापाला नाही, बहिणीला नाही, मला. मेमध्ये आम्ही सगळे त्याच्याकडे जाणार होतो आणि तिथं तो मला सायकलवर बसवणार होता. व्हिडिओ सुरू होतो तोच त्याच्या आवाजानं, "आई, धिस इज युअर लूप."

चौदा मार्चला तो त्याच वाटेवर दुसऱ्यांदा गेला, कॅमेऱ्याशिवाय. सातव्या किलोमीटरला एक कोरडा नाला आहे. त्यात उतरताना पुढचं चाक जागच्या जागी अडकलं आणि तो हँडलवरून पुढे फेकला गेला. मान. त्याच्या मागे असलेल्या मित्रानं एवढंच सांगितलं, आणि तेवढं पुरेसं होतं. तो उतार मी व्हिडिओत पाहिलेला आहे. सोमवारी सकाळी कचऱ्याचा बिन दारातून रस्त्यावर नेताना जेवढा उतार लागतो, त्याच्या तिप्पट असेल. चौपट म्हणा.

आम्हाला तिकीट मिळालं सतरा मार्चचं. सोळाच्या रात्री अमेरिकेनं कोरोनामुळे आयर्लंडहून येणाऱ्यांना दार लावलं. पुढचं सगळं आम्ही लॅपटॉपवर पाहिलं. अस्थी ऑगस्टमध्ये खोक्यातून आल्या. हाऊथच्या खडकांवरून त्या समुद्रात सोडल्या, तेव्हा नागपूरचे गुरुजी फोनच्या स्पीकरवर मंत्र म्हणत होते आणि मधेच विचारत होते, "पाणी वाहतं आहे ना?" समुद्राला वाहतं म्हणायचं की नाही कोण जाणे. आम्ही हो म्हटलं.

आता ब्रेकचं.

आपल्याकडे सायकलचा उजवा ब्रेक पुढच्या चाकाचा असतो, डावा मागच्या. आयर्लंडमध्येही तसंच. अमेरिकेत उलटं. मी चौदा वर्षांची असताना पुण्यात चतुःशृंगीच्या उतारावर उजवा ब्रेक कचकचून दाबला होता आणि सायकलच्या पुढे जाऊन पडले होते. समोरचा एक दात तेव्हापासून नकली आहे. म्हणून पोरांना सायकल शिकवायची वेळ आली तेव्हा मी बाकी काही शिकवलं नाही, एकच शिकवलं. उतारावर डावा. फक्त डावा. पियूष आठ वर्षांचा होता, इथल्याच क्लॉनसिलाच्या कालव्याकाठी शिकला. डाव्या ब्रेकला मी लाल कापडाची पट्टी शिवून दिली होती. पूल आला की मी मागून पळत ओरडायची, "कुठला?" आणि तो पुढून ओरडायचा, "डावा!" कालव्यावरची बदकं उठायची. त्यानं ते पाठ केलं नव्हतं. ते मी त्याच्या बोटांतच दुहेरी टीप घालून पक्कं केलं होतं.

हे आमच्या घरात प्रत्येकाला माहीत आहे. आणि कोणी म्हणत नाही.

फोनवर येणारे सगळे म्हणाले, "अपघात." पुण्याहून माझी बहीण म्हणाली, "एवढंच आयुष्य होतं गं." इथल्या समुपदेशक बाई, फार गोड बाई, झूमवर मान कलती करून म्हणाल्या की तुम्ही चांगल्या आई आहात. मी ब्रेकचं बोलायला लागले की प्रत्येक जण इतक्या घाईनं विषय बदलायचा की मला कळायचं, यांनाही माहीत आहे. मला शिक्षा हवी होती असं नाही. पण आपल्या माणसांनी आपल्याला इतकं सांभाळून घ्यावं की आपण घरातच पाहुणे होऊन बसावं, ते झालं होतं माझं. कोणीतरी एकदा तोंडावर म्हणावं, म्हणजे मी उत्तर देईन, नाही तर रडेन, निदान काहीतरी करेन.

माझी सगळी भिस्त सासूबाईंवर होती. वीसच्या जानेवारीत सहा महिन्यांसाठी आल्या आणि अडकल्या. वऱ्हाडी बाई, तोंडाला कुलूप नाही. माझी भाजी, माझा केसांचा रंग, मी चारुदत्तला 'अरे चारू' म्हणते ते, कशावर बोलल्या नाहीत? मला वाटायचं, एक दिवस चहात साखर कमी पडेल आणि त्या भरात म्हणून जातील. पण या एका बाबतीत त्यांनी मला अशी माया लावली की काय सांगू. रात्री माझ्या पायाला तेल चोळायच्या. मला तर वीट आला होता त्या मायेचा.

आणि चारुदत्त. तो कंपन्यांची सॉफ्टवेअर तपासतो. लोकांना सापडलेला दोष आपल्या यंत्रावर पुन्हा घडवून दाखवायचा, हे त्याचं काम. पुन्हा घडवता आला नाही तर दुरुस्त कसा करणार, असं त्याचं म्हणणं. वीसच्या जूनमध्ये त्यानं ती घोडी मागवली. तेव्हा अर्धा देश सायकली शोधत होता, सहा आठवड्यांनी आली. तेव्हापासून रोज संध्याकाळी काम आटोपलं की तो पियूषच्या सायकलवर बसतो आणि पियूषचा व्हिडिओ लावतो. अठ्ठावन्न मिनिटं. मी पाठमोरी बसून शिवते. वीसमध्ये मास्क शिवत होते, पुढे लोकांचे पडदे, पँटी आखूड करणं. स्क्रीनकडे मी कधी वळले नाही. ती वाट मला कानांनी पाठ आहे. आधी खडी, मग लोखंडी फाटक करकरतं, मग एक पक्षी हसल्यासारखा ओरडतो, मग वाळूत चाकांचा आवाज जाड होतो.

छत्तिसाव्या मिनिटाला चारुदत्त हेडफोन लावतो. त्रेचाळिसाव्याला काढतो. का, ते मी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. त्या सात मिनिटांत पियूष ब्रेकबद्दल बोलतो. फेब्रुवारीत आम्ही सगळ्यांनी ते एकत्र पाहिलं होतं आणि हसलो होतो. मी तर सगळ्यात जास्त.

तर एकवीसच्या जूनमधला शनिवार. चारुदत्त लसीचा दुसरा डोस घ्यायला सिटीवेस्टला गेला होता. जाताना म्हणाला, "तीन तास लागतील, रांग असते." मी एका आयरिश बाईचा लग्नाचा झगा कंबरेत सैल करत होते. दोन लॉकडाऊनमध्ये त्यांचं लग्न दोनदा पुढे गेलं होतं आणि कंबर एकदा.

सासूबाई रिकाम्या सायकलकडे बघत बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "उर्मिला, एक विचारू?"

"विचारा ना."

"पोट्ट्यानं बोलावलं कोणाले होतं?"

"म्हणजे?"

"त्या वाळवंटात. आई आई करून राहिला तो त्याच्यात. बाबा म्हणते का कुठं? मंग सालभर बाप काहून जाऊन राहिला? तू काहून नाही जात?"

मी सुई दातांत धरली. उत्तर न देण्याची ही एक चांगली सोय आहे.

"जाय," त्या म्हणाल्या. "बोलावलं की जा लागते."

मला त्यांचा राग आला. आणि त्या म्हणाल्या ते खरं होतं म्हणून आणखी आला. मी झगा बाजूला ठेवला आणि जिन्याकडे तोंड करून ओरडले, "रेवा! खाली ये जरा."

रेवा, माझी लेक, सतरा वर्षांची. मराठी सगळं समजतं, उत्तर बहुतेक इंग्रजीत, तेही ओंगारच्या इंग्रजीत, जिथं आईला मॅम म्हणतात. ती दारात येऊन उभी राहिली, माझ्याकडे पाहिलं, सायकलकडे पाहिलं. "मॅम, सीरियसली?"

"सीट खाली कर माझ्यासाठी. आणि ते लाव."

"बाबाला विचारलंस?"

"तुझा बाबा मला विचारून बसतो का?"

तिनं हत्यारांची पिशवी प्रेसमधून काढली आणि सीट खाली केली. इथे कपाटाला प्रेस म्हणतात. आता तर सासूबाईसुद्धा म्हणतात. मी ओढणी कंबरेला बांधली. सायकलवर चढताना मधला दांडा आडवा आला, सासूबाईंनी खालून पाय उचलून दिला आणि म्हणाल्या, "घोड्यावर बसवून राहिली का तुले? हं, बस."

रेवानं रिमोट दाबला.

"आई, धिस इज युअर लूप," पियूष म्हणाला.

आवाज मी रोज ऐकत होते. पण आवाजाबरोबर समोर ती वाट आली आणि खाली, चित्राच्या कडेला, हँडलवर त्याचे दोन हात. हातांचं मी विसरूनच गेले होते. डाव्या अंगठ्याचं नख खाल्लेलं. अकरा महिने मी भिंतीकडे तोंड करून बसले होते, आणि त्याचे हात रोज एक तास माझ्या पाठीमागे होते.

"पेडल, मॅम," रेवा हळूच म्हणाली. "यू हॅव टू पेडल."

मी पेडल मारलं.

पहिली दहा मिनिटं म्हणजे माझी फजितीच. धाप लागली, गुडघा वाजला. वाट मात्र सोपी होती, खरंच सोपी, त्यानं खोटं सांगितलं नव्हतं. दोन्ही बाजूंना तांबडी माती, खुरटी झुडपं, आणि मधून मधून दोन पुरुष उंचीचे निवडुंग, दोन्ही हात वर करून उभे.

"हे कोणाले शरण आले?" सासूबाई म्हणाल्या. "एक झाड नाही सावलीले. आपल्या नागपूरचं ऊन काय वाईट होतं, तर इतक्या दूर जा लागलं?"

रेवा फिस्सकन हसली. मीही हसले, आणि हसता हसता पेडल मारत राहिले. पियूष सांगत होता, "आई, हे फाटक. उघडलं की परत लावायचं, गाईंसाठी. इथे पण गाई आहेत, यू'ल फील अ‍ॅट होम." फाटक करकरलं. हसणारा पक्षी ओरडला आणि या वेळी मला दिसला, शेंडी असलेला, सोबत्यांची रांग घेऊन वाट ओलांडणारा. अकरा महिने तो मला एकटाच वाटत होता.

मग वाळू आली. "आता बघ," तो म्हणाला, "वाळूत घाबरायचं नाही. वजन मागे टाक, पेडल मारत राहा, ब्रेक लावायचाच नाही. जस्ट कीप गोइंग." मी खरंच वजन मागे टाकलं. ओंगारच्या खोलीत, लोखंडी घोडीवर. घामानं डोळे चुरचुरत होते. मला वाटलं, मेमध्ये असंच झालं असतं. मी अशीच धापा टाकत असते, हा पुढे असता, मागे वळून चिडवत असता. म्हातारे, चल लवकर.

"मॅम." रेवा उठून उभी राहिली होती. रिमोट तिच्या हातात. "थर्टी सिक्स होतंय. इथे बाबा..."

"माहीत आहे."

"म्यूट करू?"

"नको."

"मॅम, प्लीज."

"रेवा, नको म्हटलं ना."

तिनं रिमोट छातीशी धरला. सासूबाईंनी तिचा हात ओढून तिला आपल्या खुर्चीच्या हातावर बसवलं.

पियूष नाल्याच्या काठावर थांबला. कॅमेरा खाली झुकला. त्याची बोटं हँडलवर वाजत होती.

"ओके, आई, हे बघ. त्या सायकलवाल्यानं मला सांगितलंच नाही. अमेरिकेत सगळं उलटं! हा डावा आहे ना, हा पुढचा आहे. मगाशी एका छोट्या उतारावर मी तुझा डावा दाबला आणि ऑलमोस्ट गेलो ओव्हर द बार्स." तो हसला. मग माझा आवाज काढला, चिरका, धावतानाचा. "उतारावर डावा! फक्त डावा!" पुन्हा हसला. "आता काय करू सांग. डोकं म्हणतं राइट, हात म्हणतो आई."

तेव्हा मी या वाक्याला टाळी दिली होती. दुसऱ्या दिवशी व्हॉट्सअ‍ॅपवर लिहिलं होतं, दुकानात सांगून ब्रेक बदलून घे. त्यानं लिहिलं, भाड्याची आहे गं आई, इट्स ग्रँड. आणि मी अंगठा पाठवला होता. वरचा अंगठा. पिवळा.

"चला," पियूष म्हणाला, आणि वाट खाली झुकली.

एवढासाच तो उतार. तरी खडी सुटी होती, चित्र हललं, नाल्याचा तळ अंगावर आला, आणि मी काही विचार करायच्या आत माझ्या हातानं जे करायचं ते केलं. डावा दाबला. पूर्ण.

चाक थांबलं नाही.

मागचं चाक तसंच घुर्र फिरत राहिलं. मी आणखी जोरात दाबला. पुढे कुठेतरी रबर धातूला घासल्याचा बारीक आवाज आला. पुढचं चाक तर हलतच नव्हतं, ते आधीच थांबलेलं होतं. मला वाटलं, सायकल जुनी आहे, बिघडली असेल. मग मी वाकून पाहिलं. डाव्या मुठीपासून निघालेली काळी तार वळसा घेऊन पुढच्या चाकाकडे गेली होती. उजवीची मागे. दोन्ही तारा नव्या होत्या, प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी नीटनेटक्या बांधलेल्या, उरलेली टोकं कात्रीनं सरळ कापलेली. ते काम कोणाचं, हे विचारायची गरज नव्हती. आमच्या घरात टोकं सरळ कापणारे दोघंच, त्यातली एक मी.

"रेवा, हे कधी केलं बाबानं?"

"काय?"

"ब्रेक उलटे केलेत."

ती खाली बसली, तारांवरून बोट फिरवलं. "आय डिडन्ट नो," ती म्हणाली. "आय स्वेअर, आई, मला माहीत नव्हतं."

"काय झालं?" सासूबाई विचारत होत्या. "काय केलं त्यानं?"

तेवढ्यात दाराची किल्ली फिरली. तीन तासांची रांग त्या दिवशी तासाभरात आटोपली होती. चारुदत्त आत आला, मास्क हनुवटीवर, दंडावर चिकटपट्टी. त्यानं मला सायकलवर पाहिलं. टीव्हीकडे पाहिलं. टीव्हीवर पियूष नाल्यातून वर चढत होता, त्याचा श्वास जोरात ऐकू येत होता.

"आवाज चालू आहे," तो रेवाला म्हणाला.

"मीच ठेवायला सांगितला," मी म्हटलं. "हे कधीपासून?"

त्यानं माझा हात कुठे आहे ते पाहिलं. तो अजून डाव्यावरच होता. बाहेरच्या बुटांसहित तो सासूबाईंच्या खुर्चीमागे येऊन उभा राहिला, तिथून पुढे यायला जागाच नव्हती.

"जुलैपासून," तो म्हणाला. "गेल्या जुलैपासून."

"का?"

"बघायचं होतं."

"काय बघायचं होतं, चारू?"

"हाताला किती दिवस लागतात." तो माझ्याशी नाही, सायकलशी बोलत असल्यासारखा बोलत होता. "माहीत असताना. उलटं आहे हे डोक्याला पक्कं माहीत असताना. रोज त्याच जागी. मला वाटलं, महिनाभरात बदलेल. मग पियूष फक्त एक महिनाच... त्याला फक्त अजून थोडे दिवस..."

"मग?"

"नाही बदलला. सावकाश असेन तर उजवा दाबतो. तिथं, त्या खडीवर, अजूनही डावाच जातो. तीनशेच्या वर वेळा झालं."

म्हणजे रोज संध्याकाळी माझ्या पाठीमागे, एका पावलावर, हा माझं वाक्य तपासून पाहत होता. मी पडदे शिवत होते आणि हा पोराचं पडणं पुन्हा घडवत होता, वेळ लावून. मला ओरडावंसं वाटलं, आणि त्याच वेळी त्याचे ते बिचारे हात धरावेसे वाटले. तोही सायकल शिकला होता नागपुरातच. त्याच्याही बोटांत डावाच होता. फक्त पोराला शिकवताना कालव्याकाठी तो नव्हता. मी होते.

"मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगणार?" तो म्हणाला. आणि लगेच त्याचा तो आवाज आला, पंधरा महिन्यांचा, मऊ, पायपुसण्यासारखा. "अगं, तुझी काही चूक नाही. कुणीही तेच शिकवलं असतं. अपघात होता. उतर तू आता, पाणी घे."

"मला पाणी नको."

"उर्मिला, उतर."

"त्या बाईंनी मला हेच सांगितलं. माझ्या बहिणीनं सांगितलं. तुझ्या ऑफिसातल्या त्या चांगल्या माणसानं कार्ड लिहून सांगितलं. तू तीनशे वेळा तो ब्रेक दाबलास आणि प्रत्येक वेळी खाली उतरून मला विचारलंस, चहा टाकू का."

रेवा जमिनीवर बसून गुडघ्यात तोंड घालून रडत होती, आवाज न करता, तिची पाठ हलत होती फक्त. टीव्हीवर खडी वाजत होती. पियूष कुठलंसं गाणं गुणगुणत वाटेच्या दुसऱ्या अर्ध्यात शिरला होता.

मग सासूबाईंनी खुर्चीत वळून मुलाच्या मनगटाला धरलं.

"बोल ना बाप्पा," त्या म्हणाल्या. मी त्यांचा इतका हळू आवाज कधी ऐकला नव्हता. "पोटात ठेवून ठेवून नासवून राहिला तू. बायको आहे तुझी. ऐकून घेईन ते. बोल."

"आई, तू मधे नको पडू."

"मी कुठं पडून राहिली? मी तर दीड वर्षं तोंड शिवून बसली, तुमच्या दोघांसाठी. मलेच लाज वाटून राहिली आता. बोल."

चारुदत्तनं माझ्याकडे पाहिलं. खूप दिवसांनी, सरळ. त्यानं हनुवटीवरचा मास्क ओढून काढला आणि मुठीत धरला.

"तू शिकवलेला डावा दाबला म्हणून पियूष गेला," तो म्हणाला. "आणि मला तुझा राग येतो, उर्मिला. रोज येतो."